गोबरगॅसच्या इंजिनात काच कुठून येते?

आळेफाट्याच्या चौकात उभे राहिले की एका बाजूने पुणे-नाशिक रस्ता जातो, दुसऱ्या बाजूने कल्याण-नगर. चारही दिशांना हॉटेले, धाबे, लॉज, दूध संकलन केंद्रे नि कांद्याच्या गाड्या. रोज किती खरकटे निघते नि लॉजच्या सेप्टिक टाक्यांचा टँकर रात्री कुठे जाऊन रिकामा होतो, हे आपल्यापैकी कुणालाच नव्याने सांगायला नको. या सगळ्याचा गॅस करावा, त्या गॅसवर इंजिन चालवावे नि विजेचे बिल वाचवावे, अशी एक कल्पना सध्या आपल्या भागात फिरते आहे. कल्पना वाईट नाही. पण तिच्यात एक खोच आहे आणि ती दरपत्रकात कुठेच दिसत नाही. म्हणून हा लेख.

झाले असे की, मागच्या महिन्यात पाच-सहा दूध उत्पादक मंडळी एक जाडजूड फाईल घेऊन कार्यालयात आली. सगळ्यांच्या दावणीला मिळून दीड-दोनशे संकरित गाई. एका कंपनीचा माणूस त्यांना भेटून गेला होता. शेण तुमचे, खरकटे हॉटेलांचे, मैला लॉजचा. तिन्ही एका टाकीत घाला, गॅस दुप्पट होईल आणि जनरेटर चोवीस तास पळेल, असा हिशेब त्याने मांडला होता. मी विचारले, "गॅसची तपासणी कशाकशाची करणार?" त्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ हसून म्हणाले, "साहेब, गॅस तो गॅस. पेटला म्हंजे झालं. त्यात आणखी काय पाहायचं?"

चुलीपुरते बोलायचे तर त्यांचे म्हणणे खरेच आहे. इंजिनाचे तसे नाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हाला एका शहराचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र दाखवायला नेले होते. तिथले गॅसवरचे इंजिन नेमके त्या दिवशी खोललेले होते. हेड बाजूला काढून ठेवलेले, आणि पिस्टनच्या माथ्यावर पांढुरकी, खरखरीत खपली. पहिल्या नजरेला चुना वाटावा अशी. मेकॅनिकने ती स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली तर करकर आवाज आला. तो म्हणाला, "ही धूळ नाही साहेब, एअर फिल्टर नवा आहे. ही काच आहे काच. गॅसातून येते." आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते हसण्यावारी नेले. मीही नेले. कृषी पदविकेच्या अभ्यासक्रमात गोबरगॅसवर जेमतेम एक धडा होता नि त्यात काचेचे नावही नव्हते. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की, तो मेकॅनिक अक्षरशः खरे बोलत होता.

त्या पदार्थाचे नाव सिलॉक्सेन. नाव अवघड असले तरी वस्तू आपल्या न्हाणीघरातलीच आहे. शाम्पू, केसांना लावायचे कंडिशनर, घाम येऊ नये म्हणून मारायचे फवारे, तोंडाला लावायची क्रीम, कपड्यांच्या साबणात फेस आवरायला घालतात ती द्रव्ये, यांत सिलिकोन नावाचे रसायन असते. केस मऊ नि चमकदार दिसतात ते बऱ्याचदा त्याच्यामुळे. सिलॉक्सेन हे त्याच कुळातले. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. न्हाणीघरातून गटारात गेले की काही हवेत उडून जाते, बाकीचे मैल्याच्या गाळाला चिकटून बसते. तो गाळ बंद टाकीत कुजायला घातला, टाकी ऊबदार राहिली, की सिलॉक्सेन वाफ होऊन गॅसबरोबर वर येते. वास नाही, रंग नाही. इंजिनात स्फोटाच्या उष्णतेने ते जळते नि त्यातला सिलिकॉन प्राणवायूशी जोडला जाऊन सिलिका तयार होते. सिलिका म्हणजे वाळू. तीच तापून पिस्टनवर, व्हॉल्व्हवर, प्लगवर खपलीसारखी बसते. काही भाग ऑइलमध्ये उतरतो आणि रिंगा नि लायनर यांच्यामध्ये पॉलिश पेपरासारखे काम करतो.

त्या मंडळींपैकी एकाने इथे फार चांगला प्रश्न विचारला. "शेणात पण माती येते, वाळू येते. पाचटात नि भाताच्या पेंढ्यात सुद्धा ही सिलिका असते म्हणतात. मग आमच्या गोबरगॅसच्या इंजिनात का नाही होत असं?" उत्तर असे की, मातीतली नि पेंढ्यातली सिलिका उडत नाही. ती जड असते, टाकीच्या तळाशी बसते; फार तर दर काही वर्षांनी गाळ काढावा लागतो. सिलॉक्सेन मात्र वाफेच्या रूपात पाइपातून चालत येते आणि इंजिनात पोचल्यावर तिथे वाळू होते. चोर दारातून आला असता तर दिसला असता. हा घरच्या पाहुण्याच्या वेषात येतो.

म्हणून निव्वळ शेणाच्या गॅसला सिलॉक्सेनची भीती जवळपास नाही. गाई शाम्पू लावत नाहीत. शेणाच्या गॅसचा शत्रू दुसरा आहे, तो म्हणजे सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. तो ओलाव्याबरोबर आम्ल होऊन बेअरिंगा नि ऑइल खातो. पण त्याचा इलाज स्वस्त आहे. लेथवरचा गंजलेला लोखंडी कीस ड्रममध्ये भरून त्यातून गॅस सोडला की लोखंडाचा गंज गंधक धरून ठेवतो. कीस काळा पडला की बाहेर काढून हवेवर पसरायचा. पुन्हा तांबूस होतो, पुन्हा वापरायचा. (पसरताना तो तापतो, म्हणून कडब्याच्या गंजीजवळ नको.) सिलॉक्सेन मात्र या किसाला दाद देत नाही.

आता थोडा इतिहास पाहू. मैल्यापासून गॅस ही आपल्याकडे आजकालची गोष्ट नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्याचा गॅस गोळा करून दिव्यासाठी वापरला गेला आणि पुढच्या दशकात त्यावर इंजिनही चालवले गेले. आपल्या जिल्ह्यातले देहू घ्या. डॉ. सु. वि. मापुस्कर १९५९ साली तिथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आले नि गावातले लोक उघड्यावर बसू नयेत म्हणून आयुष्यभर झटले. संडासाला जोडलेला गॅस प्लँट त्यांनी देहूत रुजवून दाखवला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मग माटुंग्याच्या इंजिनात काच का झाली नाही? कारण सोपे आहे. सिलिकोनचे कारखान्यातले उत्पादनच मुळी १९४० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. मैला तोच आहे, माणसाने डोक्याला लावायची वस्तू बदलली. आणि देहूचा गॅस जात होता चुलीत. चुलीत ती पांढरी पूड बर्नरवर थोडीफार बसते, पुसली की झाले. तिथे पिस्टन नाही, रिंगा नाहीत.

नाशिकचे उदाहरण तर आपल्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे. नाशिक महापालिकेने जर्मन सहकार्याने २०१७ मध्ये हॉटेलांचे खरकटे आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करण्याचा प्रकल्प उभारला. रोज सुमारे ३० टन मालाची त्याची क्षमता. आपल्याकडे आलेल्या कंपनीच्या माणसाने याच प्रकल्पाचा फोटो फाईलमध्ये लावला होता. पण महापालिकेजवळ अभियंते असतात, प्रयोगशाळा असते, गॅस साफ करणारी यंत्रणा चालवायला तीन पाळ्यांत माणसे असतात. सुरत महापालिका मैलापाण्याच्या गॅसवर वीज करू लागली त्याला वीस वर्षांहून अधिक काळ झाला, तिचीही गोष्ट तीच. आपल्या सहा गोठेवाल्यांच्या मंडळाकडे सकाळी पाचला धार काढून दुपारी टाकीकडे बघणारा एखादा पोरगा असणार. फोटो लावताना हा फरक सांगायला हवा होता.

कचरा डेपोच्या गॅसचे आणखी निराळे. मुंबईत गोराईचा डेपो शास्त्रीय पद्धतीने बंद करून त्यात नळ्या घातल्या नि गॅस गोळा केला गेला. अशा डेपोत शाम्पूच्या पुड्या, क्रीमच्या ट्यूबा, फवाऱ्यांचे डबे, सीलंटचे तुकडे, सगळेच पुरलेले असते. त्यामुळे तिथल्या गॅसमध्ये सिलॉक्सेनचे प्रकारही जास्त. मैलापाण्यात मुख्यतः दोन जाती सापडतात, डी-४ आणि डी-५. डेपोत त्यांच्या जोडीला हलक्या, पटकन उडणाऱ्या जातीही येतात आणि त्या पकडायला अधिक कठीण. आपल्या ग्रामपंचायतींच्या घंटागाडीचा माल जर कुणी न निवडता टाकीत घालायचा विचार करत असेल, तर त्याने हे लक्षात घ्यावे.

आकडेमोड करून पाहू म्हणजे नेमके किती ते कळेल. समजा रोज १००० घनमीटर गॅस होतो आणि दर घनमीटरात १० मिलिग्रॅम सिलॉक्सेन आहे. म्हणजे रोज १० ग्रॅम. डी-५ जळले की त्याच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के सिलिका होते, म्हणजे रोज ८ ग्रॅम. वर्षातले ३०० दिवस इंजिन चालले तर जवळजवळ अडीच किलो वाळू त्याच्या पोटातून जाते. बरीचशी धुराबरोबर निघून जाते हे खरे, पण थोडी राहिली तरी पुरे. कुठला ट्रॅक्टरवाला आपल्या इंजिनात वर्षाला दोन किलो वाळू घालू देईल? इंजिनाच्या कंपन्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. कुणी घनमीटरला पाच-दहा मिलिग्रॅम म्हणते, कुणी पंचवीस-तीसपर्यंत चालवून घेते. मर्यादा ओलांडली की गॅरंटी संपली. हे वाक्य मात्र सगळ्यांचे सारखे.

यावर उपाय नाही असे नाही. उपाय म्हणजे अॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे खास भाजून अतिसूक्ष्म छिद्रे पाडलेला कोळसा. नारळाच्या करवंटीपासूनही तो होतो. गॅस त्यातून नेला की सिलॉक्सेन छिद्रांत अडकते. पण या कोळशाचे नखरे फार. गॅस ओला असेल तर छिद्रे पाण्यानेच भरतात. गंधक आधी काढले नाही तर गंधकच जागा अडवून बसते. म्हणून आधी गॅस थंड करून पाणी गाळायचे, मग लोखंडी किसाने गंधक काढायचे आणि सगळ्यात शेवटी कोळसा. हा क्रम चुकला की वर्षाचा कोळसा महिना-दोन महिन्यांत गारद. शिवाय कोळसा भरला हे बाहेरून दिसत नाही. तो भरला की सिलॉक्सेन मुकाट्याने पुढे जाऊ लागते. म्हणून दोन ड्रम एकामागे एक लावायचे आणि दोहोंच्या मधून गॅसचा नमुना घेत राहायचे. पहिला भरला की दुसऱ्याला पुढे आणायचे नि मागे नवा लावायचा. वापरलेला कोळसा वाफेने धुऊन पुन्हा चांगला होत नाही, कारण सिलॉक्सेन आत घट्ट होऊन बसते. तो शेतात फेकायचा नाही, खड्ड्यातही नाही. त्याची विल्हेवाट हाही एक खर्च आहे. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, अशी गत छोट्या प्रकल्पात होते ती इथे.

गॅसची तपासणी महाग आहे आणि ती तालुक्याला होत नाही. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत नमुना पाठवावा लागतो. पण त्याहून सोपी नि स्वस्त खूण ऑइलमध्ये असते. दर वेळी ऑइल बदलताना छोटी बाटली भरून ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावी आणि सिलिकॉनचा आकडा वहीत लिहावा. एकट्या आकड्याला अर्थ नाही. तो दर बदलाला वाढत चालला आणि एअर फिल्टर ठीक असला, तर गॅसात काच आहे असे समजावे. दुधाचे फॅट आपण रोज लिहून ठेवतो, मग ऑइलचे का नको?

आता तुम्ही म्हणाल, या भागात हे सगळे सांगायची गरज काय? गरज आहे, कारण मैला मिसळायचा जो मोह दाखवला जातोय त्याचा हिशेबच मुळात कच्चा आहे. ताज्या शेणाचा साधारण २५ किलोला एक घनमीटर गॅस पडतो. हॉटेलचे खरकटे त्याच्या दुप्पट-अडीचपट गॅस देते, यात शंका नाही. पण सेप्टिक टाकीत दोन-चार वर्षे पडून राहिलेला मैला? त्याचा गॅस त्या टाकीतच कधीचा निघून गेलेला असतो. उरतो तो निःसत्त्व गाळ आणि त्याला चिकटून राहिलेली रसायने. म्हणजे गॅस थोडा आणि काच मात्र आपल्या इंजिनात. लॉजवाल्याची अडचण सुटते, टँकरवाल्याची सुटते आणि कर्जाचा हप्ता गोठेवाल्याच्या दुधाच्या बिलातून जातो. हा व्यवहार मला पटत नाही आणि मी त्या मंडळींना तसे तोंडावर सांगितले.

दुसरे कारण आमच्या खात्याचे. या टाकीची स्लरी कुठे जाणार? शेणस्लरी आपण टोमॅटोला, कांद्याला, मेथी-कोथिंबिरीला बिनदिक्कत सोडतो. मैल्याची स्लरी तशी सोडता येत नाही. टाकीत जंतांची अंडी सगळी मरत नाहीत. ती स्लरी वाळवून, पुरेसा काळ कंपोस्ट करून, तीही पालेभाजी सोडून इतर पिकांना द्यावी लागते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेणाऱ्या व्यापाऱ्याने एकदा का हे ऐकले, तर भाव कोण सांभाळणार?

याचा अर्थ मैल्याचे काहीच करू नये असा नाही. ते काम ग्रामपंचायतीचे आणि नगरपालिकांचे आहे, त्यासाठी स्वतंत्र मैला शुद्धीकरण हवे. केंद्र सरकारची गोबरधन योजना २०१८ ची. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत तरतूदही झाली. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक घाण आवरली जावी, यात गैर काही नाही. आपल्या गोठ्याच्या टाकीत ती ओतून कुणी मोकळे होऊ नये, इतकेच.

एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. टाकीत कधी कधी फेस फार येतो, विशेषतः खरकटे एकदम जास्त घातले की. मग कुणीतरी फेस मारायचे औषध आणून ओतते. त्यातली पुष्कळशी औषधे सिलिकोनचीच असतात! बाहेरचा मैला न घेताही आपणच आपल्या हाताने सिलॉक्सेनची वाट उघडतो. फेस आला तर दोन दिवस खरकटे कमी करावे, शेण वाढवावे, टाकी ढवळावी. ओतायचेच असेल तर थोडे खाद्यतेल चालते. साखर कारखान्यांच्या नि आसवनींच्या टाकाऊ मालावर गॅस करणाऱ्यांनीही आपल्याकडे फेसावर कोणते औषध वापरतात ते डब्यावर वाचून घ्यावे.

परदेशात यावर मुळावरच घाव घालायला सुरुवात झाली आहे. युरोपीय संघाने ३१ जानेवारी २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत, म्हणजे शाम्पू वगैरेंत, डी-४ आणि डी-५ चे प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्याखाली आणले, आणि २०२४ च्या नियमाने जून २०२७ पासून अंगावर राहणाऱ्या क्रीम-फवाऱ्यांनाही तोच दंडक ठरवला. तो नियम नदी-समुद्रातल्या जीवांसाठी केला होता, इंजिनांसाठी नव्हे. पण मैल्याच्या गॅसवर चालणाऱ्या इंजिनांनाही त्याचा फायदाच होणार. आपण आपल्या पोरीबाळींना शाम्पू सोडा म्हणणार नाही, म्हणूही नये.

आणि जिवाची गोष्ट. इंजिन गेले तर नवे घेता येते. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी शेणाने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. तिला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, आणि अशी पाच माणसे गेली. अशा टाकीत प्राणवायू नसतो नि विषारी गॅस असतो. वाससुद्धा थोड्या वेळाने नाकाला कळेनासा होतो. फिल्टर बदलायला, गाळ काढायला, पडलेली बादली घ्यायला, कशालाही टाकीत उतरायचे नाही. आतला माणूस बेशुद्ध पडला तरी दुसऱ्याने उडी घ्यायची नाही. हे घरातल्या पोरांना आजच सांगून ठेवा.

तर त्या मंडळींचे काय ठरले? त्यांनी फाईल परत नेली. शेण नि निवडलेले खरकटे एवढेच घ्यायचे, मैला घ्यायचा नाही, यावर तिघे तयार आहेत, दोघे अजून कंपनीच्या माणसाच्या बाजूने आहेत. एकाचे म्हणणे, आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे, जनावराच्या शेणाला इथे मान आहे, त्यात लॉजची घाण मिसळू नका. हा मुद्दा माझ्या दरपत्रकात बसत नाही, पण मला तो आवडला.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस पुन्हा यायचा आहे. त्याला विचारायचे प्रश्न मी त्यांना कागदावर लिहून दिलेत. तुमच्या इंजिनाची सिलॉक्सेनची मर्यादा किती, ती लेखी द्या. आमच्या मालाचा गॅस आधी लहान टाकीत तयार करून कोण तपासणार, नि त्याचे पैसे कोण देणार? कोळसा दर किती दिवसांनी बदलायचा, त्याचा वर्षाचा खर्च तुमच्या हिशेबात कुठल्या ओळीत आहे? वापरलेला कोळसा परत नेणार का? आणि दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, इंधनातील अशुद्धतेमुळे झालेल्या बिघाडास कंपनी जबाबदार राहणार नाही, अशी ओळ असते. ती त्याला मोठ्याने वाचायला सांगा.